गाऱ्हाणं घातलं, कौल लावला नाही

प्रिय तात्या,

विठ्ठलवाडीला शोभाआत्याच्या घरी तुमचा फोटो लागलाय. ती रोज संध्याकाळी त्याच्यासमोर उदबत्ती लावते आणि माझी तक्रार करते, असं तिच्या सुनेने, प्राजक्तावहिनीने मला सांगितलं. म्हणजे आत्याच्या बाजूची गोष्ट तुमच्यापर्यंत कधीच पोचली असणार. तुमचीच बहीण, तिखटमीठ लावल्याशिवाय सांगणार नाही. आता माझी बाजू ऐका. म्हणून लिहायला बसलोय.

मुख्य ते आधीच सांगून टाकतो. माझं लग्न ठरलं, तात्या. रुचिताशी. आणि कौल न लावता ठरलं. आपल्या घरात असं पहिल्यांदाच झालंय.

बसला ना धक्का?

तुम्ही होतात तेव्हा आपल्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत किती माणसं यायची. गावाकडून येऊन इकडे राहिलेले सगळे. कोणाला जागा घ्यायची असायची, कोणाला मुलगी द्यायची असायची, कोणाचं भावाशी फाटलेलं असायचं. तुम्ही सोवळं नेसायचात, गावच्या देवळातून आणलेली ती काळ्या दगडाची वीतभर देवी पाटावर ठेवायचात आणि गाऱ्हाणं घालायचात. तुमच्या प्रत्येक वाक्यामागे सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. मग तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून तुम्ही देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायचात. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. तोपर्यंत पंखा बंद, आणि खोकला आला तरी गिळायचा.

मी तांब्या धरून तुमच्या बाजूला बसायचो. लहानपणी मला वाटायचं, देवी म्हणजे आपल्या घरातलं सगळ्यात मोठं माणूस. कमी बोलतं, एवढंच. बाबांनी नोकरी बदलली ती तिला विचारून, आईचं ऑपरेशन केलं ते तिला विचारून. गॅलरीला जाळी बसवायची की नाही, हेसुद्धा तिलाच. आई एकदा पुटपुटलेली, कबुतरं काय देवीच्या जेवणात येतात? पण ते हळूच. आपल्याकडे स्वतःचं मत असणं म्हणजे जरा आगाऊपणाच होता, नाही का?

तुमच्यावर प्रेम होतंच माझं. ते काही मला वेगळं लिहायला नको. पण एक राग पण होता, आणि तो तुमच्यासमोर कधी बोललो नाही. बाकी जगाशी मी तोंड वाजवून भांडतो. तुमच्यासमोर माझी जीभ आत वळायची.

मी इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं ती संध्याकाळ आठवते? मी दारातून आलो, बॅग टाकली आणि म्हणालो, मी उद्यापासून जाणार नाही. बाबांच्या कपाळाची शीर उडायला लागलेली. आता काहीतरी फुटणार, एवढ्यात तुम्ही आतून म्हणालात, "आरडाओरडा नको. देवीक इचारूया." लगेच पाट मांडला, गाऱ्हाणं झालं, पाकळ्या लावल्या. उजवी पडली. सोडू दे. बाबांची शीर जागच्या जागी बसली. "देवीची इच्छा," म्हणाले आणि टीव्ही लावला.

तात्या, मी तुमचा अंगठा पाहिलेला.

डावी पाकळी तुम्ही अंगठ्याने दाबून बसवलीत, मोबाईलच्या काचेवर फिल्म बसवतात तशी. उजवी नुसती टेकवलीत. पडणार नाही तर काय होणार? त्या दिवशी मला इतकं हायसं वाटलेलं की तुमच्या पायावर डोकं ठेवावं. तुम्ही मला वाचवलंत. भाच्यापुतण्यांत मी तुमचा लाडका, हे मला माहीत होतं. पण लाड देवीच्या हातून का करून घेतलात? तुम्ही घरातले थोरले होतात. 'सोडू दे त्याला, मी सांगतो,' एवढं बोलला असतात तर बाबा तुमच्यावर चिडले असते, दोन दिवस अबोला झाला असता. मग?

कारण पुढे काय झालं माहितीये? काहीच झालं नाही. कोणी मला ओरडलं नाही. आणि कोणी विचारलंही नाही, का सोडलंस रे? मी लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकलो. तेलकट कपड्यांनी घरी यायचो. बाबा दारातल्या बुटांकडे बघायचे आणि काय ते मनात ठेवायचे. पाहुण्यांना सांगायचे, देवीनेच त्याला काढलं कॉलेजातून. मला घरातून कोणी काढलं असतं तर परवडलं असतं. माझी चूक म्हणा, माझी हिंमत म्हणा, ती माझी होती ना? तीच काढून घेतलीत. मला ओरडा खायचा होता, तात्या. कडकडून.

आणि दुसरं. प्राजक्तावहिनीला ठाण्याला नोकरी लागत होती, तेव्हा आत्या कौल लावायला आली. त्या दिवशी डावी पडली. त्याआधी आत्या स्वयंपाकघरात तुमच्या कानाशी बराच वेळ बोलत होती. तेव्हाही अंगठा होता का? मी पाहिलं नाही. कदाचित ती पाकळी खरंच आपली आपण पडली असेल. पण वहिनी 'बरं' म्हणून चहाचे कप गोळा करायला लागली, ते मला दिसलेलं. तिला देवीशी भांडता येईना आणि तुमच्याशी भांडायचं कारण राहिलं नाही. एवढ्या वर्षांत कधी तुम्हाला झोप लागली नाही असं झालं का?

असो. रुचिताचं सांगतो.

ती फिजिओथेरपिस्ट आहे. ठाण्याच्या नौपाड्यात एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर क्लिनिक आहे, तिथे ती काम करते. त्या इमारतीची लिफ्ट आमच्याकडे. एकदा लिफ्ट बंद होती, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी खाली बाकावर ताटकळत बसलेल्या. ही जिन्यावरून दणदण खाली आली आणि माझ्यावर तुटून पडली.

"तुम्ही सकाळी सांगितलंत अर्ध्या तासात होईल. मग झालं का?"

"मॅडम, पार्ट यायचाय."

"मग तसं सांगायचं. मी आजींना उद्याची वेळ दिली असती. तुमच्या शब्दावर बोलावलंय मी त्यांना."

तुम्हाला माझा स्वभाव माहितीये. दुसरं कोणी असतं तर पाना खाली आपटला असता. पण ती बरोबर बोलत होती आणि रागावल्यावर तिच्या नाकाच्या शेंड्यावर घाम येतो. मी आणि तिने मिळून आजींना खुर्चीत बसवून वर नेलं. उतरताना माझे पाय हलके झालेले. त्यानंतर ती लिफ्ट मी इतक्या वेळा तपासली की सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, अरे बाबा, ही लिफ्ट आहे, पेशंट नाही.

मग रिक्षास्टँडपर्यंत चालणं, मग चहा, मग नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीची गर्दी. त्या गर्दीत मला राहवलं नाही. मी म्हणालो, "रुचिता, आपली भेट देवीच्याच मनात होती. तिनेच मला तुझ्याकडे पाठवलं." मला वाटलं, याच्याहून मोठं काय बोलणार कोणी?

ती म्हणाली, "देवीने तुला पाठवलं. मग लिफ्ट कोणी बंद पाडली?"

मी उगाच दिव्यांच्या माळांकडे बघायला लागलो.

"मंदार, मी तुला पाहिजे का देवीला?"

"मला."

"मग तसं बोल ना. तिला कशाला मध्ये उभी करतोस? उद्या तुझं मन फिरलं तर म्हणशील देवीचंच मन फिरलं."

तात्या, मला तेव्हा असला राग आला. आपल्याकडे हेच प्रेमाचं बोलणं होतं, नाही का? आईबाबांचं लग्न झालं तेही कौलावर. आई अजून सांगते, 'देवीने मला तुझ्या बाबांच्या पदरात टाकलं.' बाबांना आई आवडली होती का, हे आईला आजपर्यंत कळलेलं नाही. मी हे घरी येऊन आठवलं आणि मग राग उतरला. दुसऱ्या दिवशी रुचिताला सांगितलं, "मला तू पाहिजेस. मला. देवी घरी आहे." तेव्हा ती हसली. नाकावर घाम नव्हता.

पण मग खरी अडचण. रुचिताचे वडील इकडचे मूळचे, डोंबिवलीच्या बाजूच्या गावातले. पूर्वी शेती होती, आता जागा बिल्डरला गेलीय आणि दारात गाड्या उभ्या आहेत. गावात त्यांना सगळे शेठ म्हणतात. ते मुलीला म्हणाले, "पोऱ्याला त्याच्या घरच्यांना घेऊन येवंदे. एकटा येवाचा नाय." आणि बाबा म्हणाले, "तात्याचं वर्षश्राद्ध होऊ दे. मग कौल लावू. उजवा आला तर मी येतो. डावा आला तर त्या मुलीचं नाव या घरात काढायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो. का माहितीये? कारण तुम्ही हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाला होतात, "आता गाऱ्हाणा तू घाल." तुमच्या माघारी पाकळ्या लावणारा मीच होतो. आणि तुमचा अंगठा मी बघून ठेवला होता.

मी स्टीलच्या डब्यावर सराव केला, तात्या. आई भाजी आणायला गेली की ओली पाकळी लावायचो. थोड्या दिवसांत हवी ती पाकळी हवी तेव्हा पडायला लागली. मी रुचिताला फोन केला, "काळजी करू नकोस, जिंकलोय आपण," म्हणून सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू तुझ्या बाबांना फसवून मला घरी नेणार."

"फसवून काय? उजवा कौल सगळ्यांनाच पाहिजे असतो."

"आणि नंतर? माझं तुझ्या आईशी पटलं नाही, मला ठाण्यात राहायचं झालं, की सगळे म्हणणार देवीने आणलेली सून ना तू? मी तक्रार कोणाकडे करायची? पाकळीकडे?"

मी फोन कट केला. भडकलो होतो. एवढं सगळं तिच्यासाठी करतोय आणि ही शहाणपणा शिकवते! पण त्यात मला प्राजक्तावहिनी आठवली, चहाचे कप गोळा करताना. आणि फोन हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

वर्षश्राद्धाच्या दिवशी तुमची पानं वाढून झाली, जेवणं झाली, भटजी गेले. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, सगळं तुमच्या आवडीचं. मग बाबांनी स्वतः पाट मांडला. खोलीत बाबा, आई, शोभाआत्या, आतोबा, प्राजक्तावहिनी आणि गावकीतले शेजारी. पंखा बंद झाला. सगळे हात जोडून उभे. मी सोवळं नेसून देवीसमोर. तांब्यात पाकळ्या भिजत घातलेल्या.

तुम्हाला खरं सांगतो, तोपर्यंत माझं ठरलं नव्हतं. अंगठा तयार होता. देवीकडे बघितलं. ती नेहमीसारखीच, काळी, लहान, शांत. मला तिची लाज वाटली. आपण सगळ्यांनी मिळून हिला किती कामाला लावलंय. जे आपल्याला बोलायला जमत नाही ते सगळं हिच्या खांद्यावर.

मी गाऱ्हाणं सुरू केलं. माझी मालवणी तुमच्याइतकी नाही, पण सूर तुमचाच होता, तो रक्तातच आहे.

"आई माऊली, आज ह्या घरातली लहानथोर मंडळी तुझ्यासमोर उभी असत."

"व्हय म्हाराजा."

"त्येंच्या हातून काय चुकलामाकला असात, तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या तात्याक तुझ्या पायाशी जागा दी."

"व्हय म्हाराजा." इथे बाबांचा आवाज चिरकला.

"आणि मी, मंदार, रुचिताशी लगीन करतलंय."

"व्हय म्हाराजा."

तात्या, सगळे म्हणाले! बाबा, आत्या, आतोबा, शेजारी, सगळे, डोळे मिटून, एका सुरात. आत्याचाच आवाज सगळ्यात मोठा. मग आत्याने एक डोळा उघडला.

"काय म्हणाला रे हा?"

"लगीन करतो म्हणाला," आतोबा म्हणाले. "आणि तू होय म्हणालीस."

"मी देवीला म्हटलं होय!"

"पण वाक्य तर त्याचं होतं."

शेजारचे एकजण हसायला लागले आणि हसू दाबायला त्यांनी खोकला काढला. बाबांचा चेहरा लाल. "ही थट्टा आहे? देवीच्या समोर फसवलंस आम्हाला?"

बघा, जिंकलेलो होतो मी. सगळ्या घराचा होकार, देवीच्या साक्षीने. दुसरं कोणी असतं तर नारळ फोडून मोकळं झालं असतं. माझ्या जिभेवर आलेलंच, 'आता देवीसमोर दिलेला शब्द फिरवणार का?' ते गिळलं. तेवढं एक गिळणं मला जन्मात सगळ्यात जड गेलं असेल.

मी म्हणालो, "नाही बाबा. हे 'व्हय' मी धरत नाही. सवयीने निघालंय. मी पाकळ्या पण लावणार नाही. कारण मला त्या पाहिजे तशा पाडता येतात. तात्यांनाही यायच्या." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तुमच्या फोटोवर थुंकलो असतो तरी तसं बघितलं नसतं. पण मी थांबलो नाही. "मला रुचिताशी लग्न करायचंय. देवीने सांगितलं नाही, मी सांगतोय. उद्या वाईट झालं तर ते माझं. आता तुम्ही प्रत्येकाने तुमचं सांगा. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर नाही म्हणा. पण तुमच्या तोंडाने."

माणसांना किती अवघड जातं ते, तात्या. आतोबा खिडकीतून बाहेर बघायला लागले. आत्या म्हणाली, "देवीला हे असलं…" आणि थांबली.

"देवीला नाही आत्या. तुला."

"मला," आत्या म्हणाली, जणू हा शब्द तिने पहिल्यांदा तोंडात घातला होता. "मला… आपल्यातली मुलगी असती तर बरं वाटलं असतं. झालं समाधान?"

"झालं. नकार लिहून घेतला तुझा."

"नकार कुठे म्हटलं मी? बरं वाटलं असतं म्हटलं."

तेवढ्यात मागून आई. आई आपल्या घरात कधी कौलाच्या वेळी बोललीय? पदराला हात पुसत म्हणाली, "मला चालेल. मला ती आवडली. तिने मला व्हिडिओ कॉलवर पाठीचे व्यायाम शिकवलेत." मग बाबांकडे न बघता म्हणाली, "आणि मला गॅलरीला जाळी पण पाहिजे."

मग प्राजक्तावहिनी. "आई," ती आत्याला म्हणाली, "मला नोकरी करायचीय. तेव्हा तुम्ही देवीला विचारलंत. मला कोणी विचारलं नाही." आत्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू हे सगळं मीच ठरवून घडवलंय. म्हणून तर उदबत्तीसमोर तक्रार! पण ऐका, वहिनी आता ठाण्याला जायला लागलीय. आत्या तिचा डबा भरते आणि भरताना बडबडते.

शेवटी बाबा उरले. ते पाटासमोर खाली बसले. तांब्यातली पाकळी बोटाने फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला पसंत नाही."

त्यांनी पाकळी सोडली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू कॉलेज सोडलंस तेही मला पसंत नव्हतं. तेव्हा बोललो नाही. गाढवपणा केलास तू, असं मला रोज वाटायचं. आता बोलतोय." बाबांचा आवाज चढला. ते मला ओरडले, तात्या. शेजाऱ्यांसमोर, सोवळ्यात उभा असताना, इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं. बेशिस्त, तोंडाळ, बापाला न विचारता बॅग टाकणारा. आणि मी तिथे उभा राहून मनात म्हणत होतो, या, बाबा, या. अजून.

दमल्यावर ते म्हणाले, "पसंत नाही. पण मी येईन तुझ्याबरोबर."

शेठच्या घरी आम्ही गेलो तेव्हा अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. शेठ म्हणजे पांढरा शर्ट, जाड चष्मा, आवाज खड्ड्यातून आल्यासारखा. रुचिता दारात उभी होती, नाकावर घाम. तिला मी कौलाचं सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "आता इथे पण असाच बोल. नाहीतर मी आत निघून जाईन."

शेठनी चहा दिला आणि आधी बाबांनाच विचारलं, "तुमचेकडं कौल लावतात म्हनं. काय आला कौल?"

बाबा एक 'उजवा' म्हणाले असते तर सगळं सोपं होतं. बाबा म्हणाले, "लावला नाही. पोराने लावू दिला नाही."

"मग तुमी आलाव कसं?"

"मी आलो," बाबा म्हणाले. "माझ्या पायांनी."

तात्या, तुमच्या धाकट्या भावाचा मला तेव्हा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मी चहात तोंड घातलं.

मग शेठ माझ्याकडे वळले. "शिकलास किती?"

"दुसऱ्या वर्षाला सोडलं."

"कशाला सोडलास?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी विचारला, आणि तोही परका माणूस. बाबांनी मान वर केली. त्यांनाही ऐकायचं होतं. मी सांगितलं. वर्गात सगळ्यांसमोर सर मला 'तुझ्याच्याने होणार नाही' म्हणाले, मी उलट बोललो, माफी मागायला सांगितलं ती मागितली नाही. राग होता. पण फक्त राग नव्हता. फळ्यावरचं मशीन मला कधी कळलं नाही, हातात आलेलं कळायचं. "मी सोडलं," मी म्हणालो. "कोणी सोडायला लावलं नाही. थोडा पस्तावतो, थोडा नाही."

"आनि आता काय करतोस? लिफ्ट?"

"हो. दुरुस्ती झाली की आधी मी एकटा वरपर्यंत जाऊन येतो, मग लोकांना चढवतो."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आनि उद्या माझ्या पोरीला रडवलास त?"

मला वाटतं, तात्या, आपल्या घरातल्या कोणीही इथे आकाशाकडे बोट दाखवलं असतं. मीही दाखवलं असतं, वर्षभरापूर्वी. मी म्हणालो, "तर माझ्या दारात या. देवळात जाऊ नका."

मग शेठ हसले. हसताना त्यांचं पोट हलतं. आत बघून ओरडले, "आगो, भाकरी टाक. पावनं जेवून जातील." रुचिता आत पळाली. जाताना मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यासाठी मी ठाण्यातल्या सगळ्या लिफ्टा फुकट दुरुस्त करीन.

तुमच्याशी भांडलो, आता थोडं गोड बोलू दे. देवी आहे तिथेच आहे. तिच्यावर माझा राग नाही. रोज आंघोळ झाली की हात जोडतो. तुमच्यावर होता, तोही लिहिता लिहिता उतरला. मला वाटतं, तुमच्याही मनात पुष्कळ होतं आणि स्वतःच्या नावाने बोलायची सोय तुम्हाला कोणी दिली नाही. मी विचारायला हवं होतं. तुम्ही कधी स्वतःसाठी कौल लावलात का, तात्या? काय पाहिजे होतं तुम्हाला?

गावकीतले लोक अजून येतात. परवा एक काकू आल्या, मुलाला दुबईला पाठवू का विचारायला. मी त्यांना बसवलं, आईने चहा केला. मी विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" त्या आधी वैतागल्या. मग तासभर बोलत बसल्या. जाताना म्हणाल्या, "मीच ठरवीन म्हणते."

काल बाबा लग्नपत्रिकेचा मजकूर करायला बसले. पहिली ओळ जुनीच, आमचे येथे श्रीकृपेकरून विवाह करण्याचे योजिले आहे. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला विचारलं, "हे 'श्रीकृपेकरून' ठेवायचं का? की ते पण तुला चालत नाही?" खोचक होते, पण विचारत होते.

मी सांगितलं, ठेवा. कृपा तिची असू दे. योजिलंय आपण.

तात्या, तुम्हाला वचन देतो. या घरात गाऱ्हाणं मी घालीन, तुमच्याच सुरात, आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतील. पण जे मागायचं ते मी माझ्या नावाने मागेन, जे करायचं ते माझ्या नावाने करीन. रुचिताशी भांडलो तर मी भांडलो. चुकलो तर मी चुकलो. आणि सुखात राहिलो, जे राहणारच आहे, तर तेही थोडं माझंच कौतुक असेल. तुमचंही चालेल, पण आधी विचारेन.

तुमचा लाडका, तोंडाळ पुतण्या,
मंदार